जुन्या पिस्तुलांवरचे जुने संदर्भग्रंथ: कोणत्या विधानावर किती विसंबावे

जुने पिस्तूल हाती आले की संग्राहकाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: ते कोणी बनवले, केव्हा बनवले, आणि आज दिसते त्या रूपात ते मूळचेच आहे की मधल्या काळात कोणी त्यात फेरफार केले आहेत. पिस्तुलासोबत खरेदीची पावती किंवा एखादे पत्र मिळणे दुर्मीळच असते. त्यामुळे उत्तरासाठी ग्रंथांकडे वळावे लागते, आणि इंग्लिश व अमेरिकी पिस्तुलांच्या बाबतीत हाताशी असलेल्या ग्रंथांतले बरेचसे पन्नास ते नव्वद वर्षांपूर्वीचे असतात. जे. एन. जॉर्ज यांचा इंग्लिश पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर यांवरचा ग्रंथ १९३८ चा आहे, आर्केडी ग्लकमन यांचा अमेरिकी लष्करी पिस्तुलांवरचा ग्रंथ १९३९ चा आहे, आणि डॅनिश अभ्यासक योहान स्टोकेल यांनी युरोपातल्या बंदूक-कारागिरांच्या खुणांचा केलेला कोश १९३८ ते १९४३ या काळातला आहे. या पिढीच्या ग्रंथांचे दाखले लिलावांच्या सूचीपत्रांत आजही दिले जातात आणि त्या दाखल्यांवर मोठ्या रकमा ठरतात.

अशा वेळी ‘हा ग्रंथ विश्वासार्ह आहे का?’ असे विचारले जाते. माझ्या मते या प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे, कारण कोणत्याही ग्रंथात चार प्रकारची विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. काही गोष्टी लेखकाने स्वतः पाहिलेल्या आणि मोजलेल्या असतात, काही त्याने मूळ दप्तरांत वाचलेल्या असतात, काही त्याने तर्काने ठरवलेल्या असतात आणि काही आधीच्या लेखकाकडून तशाच उचललेल्या असतात. छापील पानावर मात्र ही चारही विधाने सारख्याच ठाम वाक्यांत उतरतात. काळाचा परिणाम त्यांच्यावर सारखा होत नाही. नळी नऊ इंच लांब आहे, हे काळजीपूर्वक केलेले निरीक्षण नव्वद वर्षांनीही खरेच राहते. तो नमुना अमुक साली सैन्यात दाखल झाला, हे अंदाजाने केलेले विधान एखादे जुने कंत्राट सापडताच कोसळते. म्हणून प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘हे लेखकाला कशावरून कळले असेल?’ असे विचारणे हाच जुना ग्रंथ वाचण्याचा खरा मार्ग आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी पिस्तुलांचे उदाहरण येथे सर्वांत उपयोगी पडते, आणि मराठी वाचकाला ते जवळचेही आहे. कंपनीच्या चकमकीच्या पिस्तुलांवर, म्हणजे ज्यांत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते त्या पिस्तुलांवर, दोन वेगवेगळ्या खुणा आढळतात. आधीची खूण बदामाच्या आकृतीची असून तिचे चार भाग करून त्यांत कंपनीची आद्याक्षरे घातलेली असतात आणि वर चारच्या इंग्रजी आकड्यासारखी रेघ असते. १८०८ पासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. एवढी माहिती जरी नीट कळली तरी घराण्यातल्या कितीतरी आख्यायिका तपासता येतात. लॉकवर, म्हणजे ठिणगीची यंत्रणा ज्या पोलादी पट्टीवर बसवलेली असते तिच्यावर, सिंह असलेले पिस्तूल १७७९ च्या वडगावच्या किंवा १८०३ च्या असईच्या लढाईतले असू शकत नाही, मग घरातली परंपरा काहीही सांगो. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईतले ते असणे काळाच्या हिशेबाने शक्य आहे, पण शक्य असणे आणि सिद्ध होणे यांत फार अंतर आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या ग्रंथांत कंपनीच्या शस्त्रांना ब्रिटिश राजसत्तेच्या लष्करी शस्त्रांचा एक उपविभाग म्हणून थोडीशीच जागा मिळे. त्या लेखकांची आस्था ब्रिटिश सैन्याच्या शस्त्रांत होती, आणि कंपनीचे अवाढव्य दप्तर लंडनमध्येच असूनही शस्त्रांच्या दृष्टीने ते पानोपान कोणी चाळले नव्हते. ते काम डेव्हिड हार्डिंग यांनी केले. १६०० ते १८५६ या काळातल्या कंपनीच्या हत्यारांवरचे त्यांचे चार खंड १९९७ ते १९९९ या काळात प्रसिद्ध झाले आणि त्यांतून कंपनीचे स्वतःचे नमुने, स्वतःचे तपासनीस आणि स्वतःचे कंत्राटदार असलेली एक संपूर्ण वेगळी व्यवस्था उघड झाली. ज्या लेखकांनी त्याआधी लिहिले त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे ठरेल, परंतु कंपनीच्या पिस्तुलाचा काळ ठरवण्यासाठी आज त्यांच्यावर विसंबणे तितकेच चुकीचे ठरेल.

गोंधळ नेमका कसा होतो, हे लॉकवरच्या अक्षरांवरून स्पष्ट होते. राजसत्तेच्या शस्त्रखात्याच्या लॉकवर १७६४ पर्यंत कंत्राटदाराचे नाव आणि साल कोरले जाई. त्यानंतर ती पद्धत बंद होऊन केवळ ‘टॉवर’ हा शब्द राहिला. कंपनीने मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातही आपल्या लॉकवर कंत्राटदाराचे नाव आणि साल घालणे चालू ठेवले. एकाच दशकातल्या दोन पिस्तुलांपैकी एकावर साल आहे आणि दुसऱ्यावर नाही, याचे कारण असे साधे आहे. राजसत्तेच्या शस्त्रांसाठी सांगितलेला नियम कंपनीच्या पिस्तुलाला लावला तर ‘साल आहे, म्हणजे १७६४ च्या आधीचे’ असा निष्कर्ष निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल. शिवाय ‘टॉवर’ हा शब्द पाहून ते पिस्तूल लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात घडवले गेले असे अनेक जण आजही समजतात. प्रत्यक्षात नळ्या आणि लॉक निरनिराळ्या कंत्राटदारांकडून, बरेचदा बर्मिंगहॅमहून येत, कोठारात साठत आणि मागणी आली की जोडले जात. लॉकवरचे साल हे लॉकचे साल असते. पूर्ण पिस्तूल त्यानंतर काही वर्षांनी जोडलेले असू शकते.

याच खुणांच्या बाबतीत जुन्या ग्रंथांची आणखी एक मर्यादा आहे. अफगाणिस्तान आणि वायव्य सरहद्दीकडच्या कारखान्यांत कंपनीचा सिंह, बदाम आणि ‘टॉवर’ ही अक्षरे नकलून बनवलेली पिस्तुले अलीकडच्या काळात प्रवाशांनी आणि परदेशी सैनिकांनी मोठ्या संख्येने बाहेर नेली. अक्षरांची ठेवण ओबडधोबड असते, सिंह ओळखू येणार नाही असा असतो आणि सालांचा मेळ बसत नाही: बदामाची खूण आणि तिच्याशेजारी १८५० नंतरचे साल अशी जोडी दिसली तर ते लॉक खरे असण्याची शक्यता उरत नाही. १९३८ च्या लेखकापुढे हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्याच्या ग्रंथात इशाराही नाही. आणि इशारा नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. उलट दिशेची घटनाही घडते. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यातला नेपाळी सरकारचा शस्त्रसाठा विकला गेला आणि कित्येक दशके कोणा अभ्यासकाच्या नजरेस न पडलेल्या हजारो जुन्या बंदुका बाजारात आल्या. जे ग्रंथ त्याआधी छापले गेले त्यांतले ‘अत्यंत दुर्मीळ’ हे शब्द त्या लेखकांनी तोवर पाहिलेल्या वस्तूंपुरतेच खरे मानावेत.

कारागिरांच्या नावांच्या याद्या हा जुन्या ग्रंथांचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा भाग आहे. नावापुढे ‘सुमारे १७८०’ असे छापलेले असते आणि वाचक ते जन्मतारखेसारखे स्वीकारतो. हे साल कोठून आले असावे, याचा विचार करावा. लंडनच्या व्यापारी पत्त्यांच्या जंत्र्या, घरपट्टीच्या वह्या, बंदूक-कारागिरांच्या संघाची नोंदपुस्तके आणि दिवाळखोरीच्या जाहीर सूचना तपासून ते ठरवले असेल तर त्याला वजन आहे. हॉवर्ड ब्लॅकमोर यांचा लंडनच्या कारागिरांचा कोश १९८६ मध्ये आला आणि १९९९ मध्ये त्याला पुरवणी निघाली, ती अशाच दफ्तरी शोधाच्या बळावर. याउलट, लेखकाने त्या नावाचे एखादे पिस्तूल पाहिले, त्याच्या घडणीवरून ते १७८० च्या सुमाराचे वाटले आणि म्हणून तसे लिहिले, असेही पुष्कळदा झालेले आहे. त्यानंतर दुसरा संग्राहक आपल्या पिस्तुलावर तेच नाव पाहतो, ग्रंथ उघडतो आणि ‘सुमारे १७८०’ असे ठरवतो. पुढच्या ग्रंथाचा लेखक हे दुसरे पिस्तूलही पुरावा म्हणून धरतो. अंदाज फिरून स्वतःकडेच येतो आणि दर फेरीत अधिक पक्का दिसू लागतो. तीन ग्रंथांत एकच साल आढळले म्हणून ते तिप्पट विश्वासार्ह ठरत नाही. तिघांनी स्वतंत्रपणे शोध घेतला की एकमेकांचे उतरवले, एवढेच पाहावे लागते.

नावाच्या बाबतीत आणखीही एक सावधगिरी हवी. कोरलेले नाव घडवणाऱ्याचेच असते असे नाही. ते विकणाऱ्याचे असू शकते आणि पूर्णपणे खोटेही असू शकते. उत्तर इटलीतल्या लाझारिनो कॉमिनाझ्झो या नावाच्या नळ्यांची कीर्ती एवढी होती की ते नाव, कधी चुकीच्या वर्णांसह, त्या घराण्याशी संबंध नसलेल्या कारागिरांनी दीर्घकाळ वापरले. बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या पिस्तुलांवर ‘लंडन’ कोरण्याची रीत तर सर्रास होती. अशा ठिकाणी नावापेक्षा नळीच्या चाचणीची सरकारमान्य खूण अधिक खरे बोलते, कारण ती जादा दारू भरून नळी उडवून पाहिल्यानंतर चाचणीगृहात उमटवली जाई. लंडनच्या कारागिरांच्या संघाला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह कायद्याने स्थापन झाले १८१३ मध्ये, आणि बेल्जियमच्या लिएज शहराची लंबवर्तुळातली तीन अक्षरांची खूण १८१० पासूनची असून तिच्यावर मुकुट आला १८९३ मध्ये. या तारखा कायद्यांतून आणि नियमांतून आलेल्या असल्यामुळे जुन्या ग्रंथांचा हा भाग बराच टिकाऊ ठरला आहे. अडचण येते ती चित्रांची. खुणा हाताने रेखाटलेल्या असतात आणि मुकुटाच्या किंवा अक्षरांच्या ज्या बारीक फरकांवरून काळ ठरतो ते फरक रेखाटताना हरवतात.

अमेरिकी रिव्हॉल्व्हरांच्या बाबतीत वादाचा विषय असतो तो अनुक्रमांकांचा. कोल्ट कंपनीच्या हार्टफर्ड येथील कारखान्याला फेब्रुवारी १८६४ मध्ये मोठी आग लागली आणि तीत आधीच्या काळातल्या पुष्कळ नोंदी नष्ट झाल्या. तरीही जुन्या ग्रंथांत ‘अमुक साल, अमुक क्रमांकापासून’ असे नीटनेटके तक्ते आढळतात. ते तक्ते उरलेली पत्रे, सरकारी कंत्राटे आणि तारखेसह भेटलेख कोरलेली रिव्हॉल्व्हरे यांवरून मागाहून तयार केलेले आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण क्रमांकावरून निघणारे साल एक-दोन वर्षे अलीकडे-पलीकडे होऊ शकते हे मनात ठेवून. हेच एकूण संख्यांना लागू आहे: १८५१ च्या नेव्ही नमुन्याची हार्टफर्डला सुमारे २,१५,००० आणि लंडनला सुमारे ४२,००० रिव्हॉल्व्हरे झाली असे सांगतात, त्यातला ‘सुमारे’ हा शब्द उद्धृत करताना गाळू नये. लंडनच्या पिम्लिको भागातला कोल्टचा कारखाना १८५३ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच बंद पडला. पण सुरुवातीची काही रिव्हॉल्व्हरे हार्टफर्डहून आणलेल्या भागांची होती आणि हार्टफर्डला पूर्ण झालेल्या मालावरही इंग्लंडात विक्रीपूर्वी ब्रिटिश चाचणीची खूण उमटे. त्यामुळे केवळ ब्रिटिश खूण पाहून रिव्हॉल्व्हर लंडनला बनले असे म्हणणे योग्य नाही.

ग्रंथ जुना म्हणजे कच्चा, असे मात्र मुळीच नाही. सॅम्युएल कोल्ट यांचा अमेरिकी सैन्यातले कॅप्टन वॉकर, ज्यांच्या नावाने ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर ओळखले जाते, आणि कारखानदार एली व्हिटनी (धाकटे) यांच्याशी १८४७ मध्ये झालेला व्यवहार जॉन पार्सन्स यांनी मूळ पत्रांसह १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाला पाऊणशे वर्षे झाली, पण पत्रे बदलत नाहीत, आणि वॉकर रिव्हॉल्व्हरच्या अभ्यासाला आजही त्यातूनच सुरुवात करावी लागते. सरकारसाठी १,००० आणि खासगी विक्रीसाठी आणखी १०० अशी ही रिव्हॉल्व्हरे झाली. इतकी थोडी संख्या आणि इतकी मोठी किंमत यांमुळे तिच्या बनावट प्रतीही अनेक झाल्या. येथे एक अप्रिय गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जो ग्रंथ प्रामाणिक संग्राहक वाचतो तोच बनावट माल करणाराही वाचतो. खुणा कोठे असाव्यात, क्रमांक कोणत्या मर्यादेत असावेत, तपासनीसाची आद्याक्षरे कशी असावीत हे एकदा छापले गेले की त्याबरहुकूम वस्तू घडवता येते. म्हणून ग्रंथाशी तंतोतंत जुळणे हा ग्रंथ छापला जाण्यापूर्वी चांगला पुरावा होता, छापला गेल्यानंतर त्याचे वजन कमी झाले. ज्या गोष्टी ग्रंथात दिलेल्या नाहीत त्यांच्याकडे, म्हणजे स्क्रूच्या आट्यांकडे, आतल्या बाजूच्या कानशीच्या खुणांकडे आणि लाकूड व लोखंड यांच्या सांध्यात साचलेल्या मळाकडे अधिक लक्ष द्यावे.

इटलीत कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नव्या प्रती १९५० च्या दशकाच्या अखेरीस बनू लागल्या. त्यांवर काळ्या दारूच्या चाचणीची आणि उत्पादनवर्षाची सांकेतिक खूण असते. लबाड विक्रेता ती घासून काढतो आणि लोखंड गंजवतो. १९४० च्या ग्रंथात याविषयी एक अक्षरही असणे शक्य नाही. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र जुने लेखक स्वतःच फसले असण्याची शक्यता धरावी लागते. एकोणिसाव्या शतकात १८२० ते १८४० या काळात चकमकीची असंख्य पिस्तुले केपाची, म्हणजे ज्यांत घोडा एका लहान स्फोटक टोपीवर आपटून दारू पेटते अशी, करून घेतली गेली. पुढे विसाव्या शतकात संग्राहकांना चकमक अधिक प्रिय झाली, तेव्हा विक्रेत्यांनी तीच पिस्तुले पुन्हा चकमकीची केली. रंजकाची, म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या दारूची, पाळी, घोडा आणि पोलादी झाकण नवे बसवले, नळीचा कान, म्हणजे आग आत जाण्याचे भोक, बुजवून पुन्हा पाडला. असे काही नमुने ‘मूळ अवस्थेतले’ म्हणून ग्रंथांत छापले गेले आणि मग मूळ अवस्था कशी असते याचे प्रमाण म्हणून वापरले गेले. धूसर कृष्णधवल छायाचित्रात कानाभोवतीची डागडुजी दिसत नाही.

असे असले तरी जुन्या छायाचित्रांची मला वाटणारी किंमत फार मोठी आहे, कारण ते त्या दिवशीच्या स्थितीचे साक्षीदार असतात. तेव्हा दस्ता तडकलेला होता आणि आज अखंड आहे, तेव्हा पिस्तूल सुटे होते आणि आज मखमली पेटीत साऱ्या अवजारांसह विराजमान आहे, तेव्हा चांदीची पट्टी कोरी होती आणि आज तिच्यावर एखाद्या सेनापतीचे कुलचिन्ह आहे, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही. मोठे खासगी संग्रह मालकांच्या मृत्यूनंतर लिलावांतून विखुरले आणि त्यांतल्या अनेक वस्तूंचा माग आज केवळ जुन्या ग्रंथांच्या पानांवरूनच काढता येतो.

किमतींविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जुन्या ग्रंथातली किंमत आज निरुपयोगी आहे. तिच्यावरून एवढेच कळते की त्या काळी कोणता नमुना कोणत्या नमुन्यापेक्षा मौल्यवान मानला जाई.

साल अचूक असण्याला कायद्यामुळेही महत्त्व येते. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ च्या अखेरपर्यंत बनलेले अग्निशस्त्र पुरातन गणले जाते, म्हणजे अनुक्रमांकाच्या तक्त्यातली एका वर्षाची चूक शस्त्राचा कायदेशीर दर्जाच बदलू शकते. तेथे जुन्या तक्त्यावर न थांबता नवी आवृत्ती आणि शक्य असेल तर कारखान्याच्या दप्तरातला उतारा मागवणे आवश्यक ठरते.

ग्रंथ विकत घेताना मुद्रणाचे साल पाहून समाधान मानू नये. १९३८ चा मजकूर १९६० च्या दशकात किंवा आज जसाच्या तसा पुन्हा छापला जातो आणि नव्या कागदावरचा तो मजकूर नवा वाटतो. त्यामुळे प्रस्तावनेची तारीख आणि ‘सुधारित’ हा शब्द शोधावा. फ्लेडरमन यांच्या अमेरिकी पुरातन शस्त्रांच्या मार्गदर्शकाची पहिली आवृत्ती १९७७ ची आणि नववी २००७ ची आहे, आणि त्या दोन्हींना एकच ग्रंथ समजून दाखला देणाऱ्याने आवृत्ती सांगितलीच पाहिजे. स्टोकेल यांचा कोशही अशाच प्रकारे १९७८ ते १९८२ या काळात सुधारून, वाढवून तीन खंडांत पुन्हा प्रसिद्ध झाला. ग्रंथ छापून झाल्यावर सापडलेल्या चुका पुष्कळदा अभ्यासमंडळांच्या नियतकालिकांत नोंदल्या जातात; लंडनची शस्त्रे आणि चिलखते यांच्या अभ्यासाची संस्था १९५० मध्ये स्थापन झाली आणि तिचे नियतकालिक यासाठी चाळण्यासारखे आहे.

अखेर एखादे पिस्तूल ग्रंथाशी जुळत नाही, असा प्रसंग येतोच. नळी अर्धा इंच आखूड असते किंवा खूण अपेक्षित जागी नसते. पिस्तूल बनावट असेल, ते नंतर कोणी बदललेले असेल किंवा ग्रंथकाराने तो प्रकार पाहिलाच नसेल, अशा तीन शक्यता असतात, आणि तिसरी शक्यता पहिल्या दोन नीट तपासून बाद केल्यावरच स्वीकारावी, कारण विक्रेत्याला तीच सर्वांत सोयीची असते. ती खरोखर उरली तर मोजमापे, खुणांचे सर्व बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो आणि वस्तू कोणाकडून आली याची नोंद करून ठेवावी आणि त्या विषयाच्या अभ्यासकाला पाठवावी. पुढच्या आवृत्तीतल्या दुरुस्त्यांसाठी याच प्रकारची सामग्री लागते.